रिती फांदी आणि भरला कलश



आपल्या देवस्थानाच्या सभासद कुटुंबांपैकी पुष्कळांच्या घरामागे आजही एखादे परसू टिकून आहे. कोठे पडवीवर सावली धरणारा जुना आंबा, कोठे विहिरीकाठचे चार माड, कोठे कुंपणाशी उभा असलेला फणस, तर फोंडा-सत्तरीकडील काही घरांना पाटाच्या पाण्यावर वाढलेले कुळागर. फाल्गुन सरून चैत्र लागला, की सभामंडपात भेटणारी माणसे एकमेकांस प्रकृतीच्याही आधी विचारतात, ‘यंदा आंबा कसा काय?’ एखाद्या वर्षी उत्तर देणाऱ्याचा चेहरा फुललेला असतो. एखाद्या वर्षी मात्र तो हात झाडून म्हणतो, ‘गेल्या वर्षी फांद्या मोडतील इतका धरला होता, यंदा नुसता पाला!’

या ‘नुसता पाला’ शब्दांत केवळ निराशा नसते. त्यांत पुष्कळदा निवाडाही असतो. कोणी दृष्ट लागली म्हणतो, कोणी शेजाऱ्याच्या पायगुणाकडे बोट दाखवितो, आणि कोणी कुऱ्हाडीची भाषा बोलू लागतो. ज्या झाडाखाली आपण लहानाचे मोठे झालो, ते एका वर्षी फळले नाही एवढ्यावरून ‘निरुपयोगी’ ठरते. म्हणून आजच्या निरूपणासाठी ही रिती फांदीच घेतली आहे. कारण मनुष्य रित्या फांदीशी जसा वागतो, तसाच तो रित्या हाताच्या माणसाशीही वागतो. परसातील सवय घरात येते आणि घरातील सवय देवळात येते.

प्रथम झाड काय करीत असते ते समजून घेऊ. धर्माचे आणि ज्ञानाचे वैर नाही. न समजून केलेला निवाडा हाच खरा अधर्म होय.

आंब्याचा मोहोर वाटेल त्या फांदीवर येत नाही. आधीच्या हंगामात फुटलेली पालवी जून होऊन परिपक्व झाली, की तिच्या शेंड्यावर मोहोर येतो. त्यासाठी पौष-माघातील रात्रींचा गारवा लागतो. एकेका तुऱ्यावर शेकडो, कधी कधी हजारांनी फुले असतात. त्यांतील बरीच केवळ नर-फुले असतात. उरलेल्यांची फळधारणा माश्या आणि बारीक कीटक यांच्या येण्याजाण्यावर अवलंबून असते. पुढे वाटाण्याएवढी फळे गळतात, सुपारीएवढी गळतात, वाऱ्याने गळतात, तुडतुड्यांनी आणि भुरीने गळतात. हजार फुलांमागे एखादे फळ पिकेपर्यंत टिकले तरी पुष्कळ. आपण ज्याला भरघोस पीक म्हणतो, तेही अशा असंख्य गळालेल्या फुलांमागून आलेले असते.

आता ज्या वर्षी झाड भरभरून फळते, त्या वर्षी त्याचा सारा साठा फळे पोसण्यात खर्च होतो. नवी पालवी फारशी फुटत नाही. फुटली तरी वेळेवर जून होत नाही. साहजिकच पुढच्या वर्षी मोहोर धरण्यास योग्य असे शेंडेच झाडावर कमी असतात. त्या वर्षी झाड पाने वाढविते, नव्या फांद्या सिद्ध करते, मुळांत आणि खोडात पुन्हा साठा करून ठेवते. आंबा वर्षाआड फळतो असे जे आपले वाडवडील म्हणत, त्याचे कारण हे आहे. हापूस या बाबतीत प्रसिद्धच आहे. नीलम मात्र बहुधा दरवर्षी फळतो. कृषिसंशोधकांनी हा गुण हेरून नीलमशी संकर केले आणि त्यांतून मल्लिका, आम्रपाली, तसेच कोकण कृषी विद्यापीठाची १९८१ ची रत्ना अशा जाती निघाल्या. पण मूळ स्वभावाचे झाड जर आपल्या परसात असेल, तर त्याचे रिते वर्ष हा त्याचा आळस नव्हे. ते त्याचे चातुर्मास्य आहे.

हे झाले रितेपणाचे पहिले कारण : विश्रांती.

परंतु प्रत्येक रिती फांदी विश्रांतच असते असे समजणे हीसुद्धा फसवणूक होईल. दुसरे कारण हयगय हे आहे, आणि त्याचा दोष झाडाकडे जात नाही. आपल्याकडील जांभ्या जमिनीवर चार महिने मुसळधार पाऊस कोसळतो आणि मातीतील कस धुऊन नेतो. झाडाला वर्षाकाठी शेणखत नाही, बुंध्याभोवती आळे नाही, पालापाचोळा कुजवून घालण्याऐवजी आपण तो जाळून टाकतो. फांद्यांवर बांडगूळ वाढते. पक्ष्यांनी टाकलेले त्याचे चिकट बी सालीला धरते, मुळासारखे तंतू फांदीत रुतविते आणि झाडाने जमिनीतून ओढलेले पाणी परस्पर पिऊ लागते. दुरून पाहणाऱ्यास झाड हिरवेगार दिसते; ती हिरवळ कोणाची आहे हे जवळ गेल्यावाचून कळत नाही. माडाचेही तसेच. गेंड्या भुंगा माडाचा कोवळा कोंब पोखरतो आणि मग उघडणारी झावळी कात्रीने कापल्यासारखी निघते. त्या भुंग्याची अळी वाढते कोठे? आपल्याच उकिरड्यात आणि परसात कुजत पडलेल्या जुन्या माडाच्या खोडात. शत्रू बाहेरून आला असे आपण म्हणतो, पण त्याला थारा आपणच दिलेला असतो.

तिसरे कारण आपत्ती. १६ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून पुढे गेले. ऐन आंब्याचा हंगाम. जी फळे आठवड्याभरात उतरावयाची, ती चिखलात पडली. कित्येक जुनी झाडे मुळांसकट उन्मळली, माड घरांवर कोसळले. त्या झाडांनी विश्रांती घेतली नव्हती आणि त्यांच्या धन्यांनी हयगय केली होती असेही नव्हे. केलेले सारे योग्य असूनही हाती आलेले गेले. मोहोराच्या दिवसांत अवेळी पाऊस येतो, आभाळ आठवडाभर दाटून राहते, तेव्हाही हेच होते.

विश्रांती, हयगय आणि आपत्ती अशी ही तीन कारणे आहेत. फांदी तिन्ही वेळा रितीच दिसते, पण आपले कर्तव्य तिन्ही वेळा वेगळे असते. विश्रांतीला धीर द्यावा, हयगयीला श्रम द्यावेत, आपत्तीला आधार द्यावा. आणि नेमके येथेच आपण चुकतो. विश्रांती घेणाऱ्यास आपण आळशी म्हणतो, आपत्तीत सापडलेल्यास निष्काळजी म्हणतो, आणि स्वतःच्या हयगयीला मात्र दैव म्हणतो!

बंधुभगिनींनो, आता परसातून घरात या. बारा वर्षे उत्तम गुण मिळविणारा मुलगा एका परीक्षेत मागे पडतो. त्याच्याशी बोलणे कमी होते, पाहुण्यांसमोर त्याचे नाव घेतले जात नाही. तो थकला आहे, की त्याच्या अभ्यासाकडे घरातील कोणी वर्षभर ढुंकून पाहिले नाही, की त्याच्या मनावर एखादे वादळ येऊन गेले आहे, हे कोणी विचारले काय? तीस वर्षे संसार ओढलेला कर्ता पुरुष निवृत्त होतो, अथवा त्याचा धंदा बसतो; जेवणाच्या पंगतीतील त्याचा शब्द हळूहळू हलका होतो. आणि ज्या सुनेची कूस उजवली नाही, तिला आपण कोणता शब्द लावतो? जो शब्द न फळणाऱ्या झाडाला लावतो, तोच. झाडाला तो ऐकू येत नाही, तिला येतो. हळदीकुंकवाला तिला शेवटी बोलवावे, ओटी भरताना तिला वगळावे, बारशाच्या घरी तिची सावलीही नको म्हणावे, असे आजही आपल्यांत घडते. दांपत्याला अपत्य न होण्याची कारणे पत्नीत असतात तशी पतीतही असतात, हे वैद्यकशास्त्राने केव्हाच स्पष्ट केले आहे. पण समजा, काहीच कारण सापडले नाही. तरी एका जिवंत मनुष्याचे मोल फळावरून ठरविण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? ज्या घरात असा शब्द उच्चारला जातो, त्या घरातील नैवेद्य देवाला गोड लागेल असे मला वाटत नाही.

गीतेतील निष्काम कर्माचा उपदेश आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकला आहे. त्याचा अर्थ कित्येक जण असा करतात, की फळाविषयी बेफिकीर व्हावे. पिकले तर पिकले, गेले तर गेले. हा अर्थ आळशांना सोयीचा आहे, पण तो खरा नव्हे. माडाकडे पाहिले म्हणजे खरा अर्थ ध्यानात येतो. निरोगी माडाला महिन्यागणिक साधारण एक झावळी येते आणि प्रत्येक झावळीच्या बेचक्यात एक पोय असते. पोय उमलल्यापासून नारळ पक्व होण्यास सुमारे एक वर्ष लागते, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्या पोयीचा अंकुर झाडाच्या गाभ्यात त्याच्याही सुमारे अडीच-पावणेतीन वर्षे आधी धरलेला असतो. म्हणजे पाडेली आज जो नारळ खाली टाकतो, त्याच्या पाठीमागे साडेतीन वर्षांहून अधिक काळ आहे. एखाद्या कडक उन्हाळ्यात आपण माडाला पाणी दिले नाही, तर त्याची पुरती शिक्षा त्याच वर्षी दिसत नाही. दोन वर्षांनी पाडा कमी येतो, आणि तोवर आपण तो उन्हाळा विसरून गेलेले असतो. तद्वतच आज घातलेल्या खताचे श्रेयही उद्या मिळत नाही.

असे असता आजच्या फळावरून आजच्या कर्माची परीक्षा कशी होणार? आजचे फळ हे मागील कर्माचे आहे आणि आजच्या कर्माचे फळ अजून गाभ्यात आहे. म्हणून शास्त्र सांगते, की दृष्टी कर्मावर ठेव. याचा अर्थ फळ तुच्छ आहे असा नव्हे. फळ वेळेपूर्वी दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या वस्तूवर श्रद्धा ठेवून रोजचे पाणी घालीत राहणे, यालाच उपासना म्हणतात. जपाचेही असेच असते. चार महिने नामस्मरण करून ‘मनाला शांती कोठे आली?’ असे विचारणारा साधक आणि लावलेला कोंब रोज उपटून मूळ धरले की नाही हे पाहणारा मुलगा, यांत अंतर थोडे आहे.

उतावीळपणाचे एक उदाहरण आपल्या काळातीलही सांगण्याजोगे आहे. आंब्याने दरवर्षी आणि लवकर फळावे म्हणून पॅक्लोब्युट्राझॉल नावाचे एक द्रव्य बुंध्याभोवतीच्या मातीत देतात. ते पालवीची वाढ रोखते आणि झाडाला मोहोराकडे वळविते. तज्ज्ञांच्या सल्ल्याने, योग्य मात्रेत आणि पुरेसे खतपाणी देऊन ते वापरणाऱ्या बागायतदारास मी दोष देत नाही. त्याचा संसार त्या बागेवर चालतो. परंतु मात्रा न पाहता, पोषण न देता, वर्षामागून वर्षे झाडाकडून फळ ओढून घेतले, तर झाड खचते. विद्या देवाची देणगी आहे, हाव मात्र आपली असते. मुलांना एका शिकवणीतून दुसऱ्या शिकवणीत धावविताना आणि स्वतःला रात्रंदिवस कामाला जुंपताना आपण तेच द्रव्य निराळ्या नावाने वापरीत नाही ना, हे प्रत्येकाने एकांतात पाहावे.

आता भरलेल्या वर्षाविषयी थोडे. रित्या वर्षी धीराची कसोटी लागते, तशी भरल्या वर्षी मनाच्या मोठेपणाची लागते. आणि दुसरी कसोटी अधिक कठीण असते. पहिला आंबा देवापुढे ठेवून मग घरात घ्यावा, ही आपली जुनी रीत. त्यातील मर्म असे, की पहिल्या घासाआधी मनुष्याने एकदा तरी म्हणावे, ‘हे माझ्या एकट्याचे नव्हे.’ जे फळले, त्यात आजोबांनी पुरलेली कोय आहे, सुईणीसारखी राबलेली माशी आहे, पौषातला गारवा आहे. मग कुंपणापलीकडे गेलेल्या फांदीवरील चार फळांसाठी शेजाऱ्याशी बोलणे टाकावे, भावाभावांनी वाटणीत झाडाच्या फांद्या मोजाव्यात, हे शोभते काय? शेंड्यावरची चार फळे पाखरांना सोडावीत. ज्या घरी झाड नाही, तेथे एक टोपली न सांगता पोहोचवावी. कोणाचे झाड यंदा रिते आहे हे ठाऊक असेल, तर त्याच्या घरी आधी. पुढील वर्षी त्याचे भरेल आणि आपले रिते असेल. वर्षाआडचा हा नियम परमेश्वराने जणू यासाठीच केला, की शेजारधर्म बुडू नये.

मानकुराद या आपल्या लाडक्या आंब्याचे नावही एक धडा देते. रंगाने उणा अशा अर्थाच्या पोर्तुगीज शब्दांवरून ते आले असे सांगतात. ज्यांनी वरची साल पाहिली, त्यांनी त्याला उणे ठरविले. ज्यांनी चाखला, त्यांनी त्याला गोव्याचा मान केले, आणि २०२३ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. पहिला निवाडा करणाऱ्यांची नावे कोणास ठाऊक नाहीत. आंबा मात्र आहे.

शेवटी मुख्य गोष्ट. आपल्या घरी कोणतेही मंगल कार्य असो, कलशाची स्थापना होते. त्यात पाणी, वर नारळ, आणि भोवती आंब्याची डहाळी. वड, पिंपळ, उंबर, पायरी यांसह पंचपल्लवांत आंब्याला मान आहे. गुढीला आंब्याची पाने, दाराला आंब्याचे तोरण. आता विचार करा : ती डहाळी तोडताना, ‘हे झाड यंदा फळले होते काय?’ असे आजवर एका तरी भटजींनी विचारले आहे काय? कलश फळ मागत नाही, पान मागतो. ज्या ‘नुसत्या पाल्याला’ आपण हात झाडून नावे ठेवली, त्याच पाल्यावाचून देवाची स्थापना होत नाही. पान म्हणजे झाडाचे जिवंतपण. सूर्याकडून घेऊन, शिजवून, सर्वांगाला पुरविणारे ते स्वयंपाकघर आहे, आणि रित्या वर्षी ते पुढच्या वर्षाचा स्वयंपाक करीत असते. भगवंताला प्रथम ते प्रिय आहे, फळ नंतर.

चवथीला आपण गणपतीवर माटोळी बांधतो. तीत नारळाची पेंड असते, सुपारीचे शिपटे असते, केळ्यांचा घड, तोरिंग, आंबाडे, तवशे असते. आणि मनुष्याच्या खाण्यात न येणारे रानातले कवंडळही मानाने टांगलेले असते. बाजारात त्याला मोल नाही, पण गणपतीच्या माथ्यावर त्याला जागा आहे. ज्या घराच्या माटोळीत कवंडळाला जागा आहे, त्या घराच्या पंगतीत हरलेल्या मुलाला, थकलेल्या वृद्धाला आणि निपुत्रिक सुनेला मानाची जागा नसावी, हे त्या माटोळीलाच लांच्छन होय.

तेव्हा या वर्षासाठी तीन नेम धरू. पहिला, रित्या झाडावर कुऱ्हाड उचलण्याआधी एक वर्ष त्याची सेवा करावयाची : बांडगूळ खालच्या फांदीसकट छाटावे, पावसाच्या तोंडी आळे करून शेणखत घालावे, कुजकी खोडे परसातून हलवावीत. १९८४ च्या कायद्याने आपल्या राज्यात अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून झाड तोडता येत नाही. पण सरकारी परवानगीच्या आधी स्वतःच्या मनाची परवानगी घ्यावी. दुसरा नेम, कोणत्याही मनुष्याविषयी कठोर शब्द उच्चारण्याआधी स्वतःस विचारावे, की ही विश्रांती आहे, हयगय आहे की आपत्ती. आणि हयगय असेल तर ती त्याची की माझी? तिसरा नेम, भरलेल्या वर्षीची पहिली टोपली आपल्या उंबरठ्याबाहेर गेली पाहिजे.

श्रींच्या चरणी एवढीच प्रार्थना, की हे दयानिधे, भरलेल्या वर्षी आम्हांस उन्मत्त होऊ देऊ नकोस आणि रित्या वर्षी कोणासही टाकून देण्याची बुद्धी देऊ नकोस. फळ तुझ्या वेळेने येवो. पान आमच्या हातून वाळू नये.

॥ शुभं भवतु ॥